शिक्का दिसतो, शेरा कुठाय?

२२ मे २०२० रोजी 'द लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, कोविडचे ९६,०३२ रुग्ण आणि निष्कर्ष असा, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. त्या दिवसांत हे जिभेला न वळणारं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं होतं. भारत हे औषध जगाला पुरवत होता आणि आयसीएमआरनं आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधक म्हणून घ्यायला सुचवलं होतं. निबंध आल्यावर तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला.

४ जूनला, म्हणजे तेरा दिवसांत, निबंध मागे घेतला गेला. त्यातला डेटा सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीचा होता. स्वतंत्र तपासणीसाठी मूळ डेटा मागितल्यावर कंपनीनं तो दिला नाही. (हे औषध कोविडवर उपयोगी नाही हे पुढे सिद्ध झालं, पण ते रुग्णांवर नीट केलेल्या चाचण्यांमधून. या निबंधामुळे नाही.)

घोटाळा पकडला कोणी? वाचकांनी. ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत मिळून ७३ मृत्यू झाले असं निबंधात होतं. त्याच तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात कोविडनं गेलेल्यांचा आकडा होता ६७. शंभराहून जास्त संशोधकांनी सह्या करून लॅन्सेटला खुलं पत्र लिहिलं. त्यांच्यापैकी कोणालाही हे काम कोणी सोपवलेलं नव्हतं.

ज्यांना सोपवलेलं होतं, त्यांचं काय? या निबंधाचा 'पीअर रिव्ह्यू' झालेला होता. म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांनी तो वाचून त्यावर शेरे लिहिले होते. त्यांनी डेटा मागितला होता का? आकड्यांवर शंका घेतली होती का? की संपादकांना घाई होती? निबंध वाचणाऱ्या माणसाला यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता, कारण शेरे छापलेले नव्हते. छापला होता तो फक्त त्या शेऱ्यांमधून निघालेला निकाल: पास.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. पीअर रिव्ह्यूमधून चुका सुटतात, ही तक्रार मी करणार नाही. चुका सगळ्याच तपासण्यांमधून सुटतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि दोघांनी तपासून मान्य केलेल्या कोडमध्ये बग निघणं ही आमच्याकडे बातमी नसते. पण बग निघाला की आम्ही त्या बदलाचा इतिहास उघडतो. कोणी काय विचारलं, लिहिणाऱ्यानं काय उत्तर दिलं, कोणत्या ओळीवर कोणाचं लक्षच गेलं नाही, हे सगळं तिथं असतं. नवा इंजिनिअर त्यावरूनच शिकतो. जर्नलांच्या जगात हा इतिहास लिहिला जातो आणि मग कुलूपबंद होतो. वाचकाच्या हाती उरतो एक शिक्का. आणि हाच शिक्का दाखवून आज रीलवाले आपल्याला प्रोटीन पावडर विकतात. "पीअर-रिव्ह्यूड स्टडी आहे भाऊ" म्हटलं की समोरच्यानं गप्प बसायचं.

आत नेमकं काय चालतं?

लेखक निबंध जर्नलच्या पोर्टलवर अपलोड करतो. संपादक चाळून बघतो, आणि बरेच निबंध इथेच परत जातात. उरलेल्यांसाठी संपादक परीक्षक शोधू लागतो. पाच-दहा जणांना ईमेल करावे तेव्हा दोन-तीन जण हो म्हणतात. परीक्षक बहुधा दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात शिकवणारा, स्वतःचं संशोधन आणि स्वतःचे विद्यार्थी सांभाळणारा माणूस असतो. वाचन रात्री किंवा रविवारी होतं. शेरे येतात आणि निकाल लागतो: स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नकार. लेखकानं दुरुस्त्या करून प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचं, मग पुन्हा फेरी. यात महिने जातात, कधी वर्षही.

परीक्षकाला या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत. २०२१ मधल्या एका अभ्यासानं अंदाज काढला, की एकट्या २०२० सालात जगभरच्या परीक्षकांनी मिळून दहा कोटींहून जास्त तास या कामाला दिले. त्यातल्या फक्त अमेरिकी परीक्षकांच्या वेळेची किंमत दीड अब्ज डॉलरच्या वर जाते. दुसरीकडे एल्सव्हिअरसारख्या प्रकाशकाच्या मूळ कंपनीचा या व्यवसायातला नफा ३७-३८ टक्क्यांच्या आसपास असतो. मजुरी फुकट, माल फुकट आणि विक्री महाग, असा हा धंदा आहे.

परीक्षकाच्या हाती काय येतं, हेही लक्षात घ्यायला हवं. बहुतेक वेळा एक पीडीएफ. प्रयोगशाळा नाही, मूळ डेटा क्वचित, आणि कोड असला तरी तो चालवून बघायला वेळ कोणाला? त्यामुळे परीक्षक इतकंच सांगू शकतो: 'लेखक म्हणतो तसं खरोखर घडलं असेल, तर त्यातून काढलेले निष्कर्ष पटण्यासारखे आहेत.' या वाक्यातला 'तर' फार मोठा आहे. शिक्क्यावर तो कुठेच उमटत नाही.

परंपरा तितकी जुनी नाही

पीअर रिव्ह्यू म्हणजे विज्ञानाचा पायाच, असं आपल्याला वाटतं. 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे जर्नल १६६५ पासून निघतं आहे, पण बाहेरच्या परीक्षकांकडून प्रत्येक निबंध तपासून घेण्याची सक्तीची पद्धत बऱ्याच ठिकाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. 'नेचर'नं ती नियमित केली १९७३ मध्ये. वॉटसन आणि क्रिकचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध परीक्षकांकडे न जाताच नेचरमध्ये छापला गेला होता.

आणि आइनस्टाइन? १९३६ मध्ये त्यांनी नेथन रोझेन यांच्यासोबत एक निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा रोख होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाला दाखवला आणि परीक्षकानं दहा पानी शेरे लिहून चूक दाखवली. आइनस्टाइन भडकले. आम्ही निबंध छापायला पाठवला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायला सांगितलं नव्हतं, अशा अर्थाचं पत्र लिहून त्यांनी निबंध मागे घेतला आणि दुसऱ्या जर्नलला दिला. पण तो छापून येईपर्यंत निष्कर्ष बदलला होता. परीक्षकाचं म्हणणं बरोबर होतं. तो परीक्षक, हॉवर्ड रॉबर्टसन, दरम्यान प्रिन्स्टनला आला होता. त्यानं तीच चूक आइनस्टाइन यांचे सहायक इनफेल्ड यांना समजावून सांगितली, आणि आपणच ते शेरे लिहिले होते हे त्यांना कळू दिलं नाही.

ही गोष्ट पीअर रिव्ह्यूच्या बाजूनं सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. एका माणसानं नीट वाचलं आणि आइनस्टाइनसारख्या माणसाची चूक छापण्याआधी धरली. पण हा परीक्षक रॉबर्टसनच होता, हे जगाला कळलं २००५ मध्ये, डॅनियल केनेफिक या अभ्यासकानं शोध घेतल्यावर आणि जर्नलच्या जुन्या नोंदवहीतून खात्री झाल्यावर. जवळपास सत्तर वर्षं ते काम कोणाच्याच नावावर नव्हतं. बंद कपाटात वाईट शेरे लपतात, तसेच उत्तम शेरेही हरवतात.

शिक्का किती भरवशाचा?

हे मोजायचे प्रयत्न झालेत. १९९८ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलच्या लोकांनी एका निबंधात मुद्दाम आठ दोष पेरले आणि तो परीक्षकांना पाठवला. २२१ जणांनी शेरे पाठवले. सरासरी किती दोष सापडले? दोन.

२०१४ मध्ये 'न्यूरिप्स' (तेव्हाचं नाव निप्स) या मशीन लर्निंगच्या परिषदेनं स्वतःचीच परीक्षा घेतली. संगणकशास्त्रात परिषदांचं वजन जर्नलांइतकंच असतं, म्हणून हे उदाहरण इथे लागू आहे. १६६ निबंध दोन वेगळ्या समित्यांकडे स्वतंत्रपणे दिले गेले. ४३ निबंधांवर दोघींचा निकाल उलट आला. चौथा हिस्सा म्हणजे फार नाही असं वाटेल, पण बहुतेक निबंध नाकारलेच जातात. त्यामुळे नकारावर एकमत होणं सोपं असतं. खरा प्रश्न असा, की एका समितीनं स्वीकारलेल्यांपैकी किती निबंध दुसरीनं नाकारले? निम्म्याहून जास्त. म्हणजे ज्या निबंधाच्या जोरावर कोणाला नोकरी किंवा परदेशी पीएचडीची जागा मिळते, तो शेजारच्या खोलीत गेला असता तर पडला असता, याची शक्यता नाणेफेकीच्या आसपास.

तिसरा प्रयोग जास्त बोचणारा आहे. अर्थशास्त्राचे नोबेल विजेते व्हर्नन स्मिथ आणि त्यांचा एक अपरिचित सहलेखक यांचा निबंध शेकडो परीक्षकांना पाठवला गेला. मजकूर तोच. काहींना फक्त स्मिथ यांचं नाव दिसलं, काहींना फक्त अपरिचित लेखकाचं, काहींना कोणाचंच नाही. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. नोबेलवाल्याचं नाव दिसलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी निबंध नाकारावा असं सुचवलं. नाव झाकलेलं असताना ४८ टक्क्यांनी. अपरिचित नाव दिसलं तेव्हा ६५ टक्क्यांनी. जळगाव किंवा नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या पत्त्यावरून निबंध पाठवणाऱ्याला हे आकडे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

या तिन्ही गोष्टी आपल्याला कळल्या, कारण कोणीतरी मुद्दाम प्रयोग रचला. रोजच्या रोज जगभर लिहिल्या जाणाऱ्या शेऱ्यांमध्ये हे किती घडतं, ते पाहायची सोय नाही.

शिक्क्यांचा बाजार

ज्या व्यवस्थेत फक्त शिक्का दिसतो, तिथे शिक्के विकणारे येणारच. ते दोन दारांनी आले.

एक दार मोठ्या प्रकाशकांच्या घरातलं. अनेक जर्नलं लेखकालाच विचारतात, परीक्षक म्हणून कोणाची नावं सुचवाल? नावासोबत ईमेलही द्यायचा. २०१४ मध्ये सेज या प्रकाशनानं 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल'मधले ६० निबंध एकदम मागे घेतले. सुमारे १३० बनावट किंवा उसन्या नावांची खाती काढून एक टोळी स्वतःच स्वतःचे निबंध तपासत होती. ओटीपीसुद्धा न विचारणाऱ्या लॉगिनवर ज्ञानाची राखण चालली होती म्हणायची. २०२३ मध्ये याहून मोठा स्फोट झाला. वाइलीच्या मालकीच्या हिंदावी प्रकाशनानं एका वर्षात आठ हजारांहून जास्त निबंध मागे घेतले. त्यातले बरेचसे 'विशेषांकां'मधले होते आणि त्यांच्या परीक्षणाची प्रक्रियाच पोखरलेली होती.

दुसरं दार आपल्या ओळखीचं. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं एक धडधडीत चुकीचा, बनावट निबंध ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. भारतातून चालणाऱ्या जर्नलांपैकी ६४ नी स्वीकारला, १५ नी नाकारला.

ही दुकानं इथे का फोफावली, ते समजणं अवघड नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक तरी निबंध छापून यावा लागे. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीत छापील निबंधांना गुण आले. संशोधनासाठी ना वेळ, ना पैसा, ना ग्रंथालय, अशा महाविद्यालयांमध्ये दिवसाला चार-पाच तास घेणाऱ्या माणसाला सांगितलं गेलं, की निबंध आण. त्यानं आणला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा पेपर 'इंटरनॅशनल जर्नल'मध्ये छापून आणायची टूम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'दोन दिवसांत स्वीकृती, सोबत प्रमाणपत्र' ही जाहिरात नवी नाही. यात त्या प्राध्यापकाला किंवा विद्यार्थ्याला हसणं सोपं आहे. पण त्यांच्याकडे ज्यांनी शिक्का मागितला, त्यांनी शिक्क्यामागचं काही वाचायची तयारी कधी दाखवली?

यूजीसीनं उत्तर म्हणून याद्या काढल्या. २०१७ च्या 'मान्यताप्राप्त' जर्नलांच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं काढावी लागली. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्यासह काही अभ्यासकांनी त्याच सुमारास विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नलं तपासून 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले: ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं दर्जाच्या निकषांत बसत नव्हती. मग 'यूजीसी-केअर' यादी आली, तिचं कामही पुण्यातून चालायचं. २०२२ मध्ये पीएचडीसाठी निबंधाची सक्ती गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली आणि जर्नल पारखायचं काम संस्थांवर सोपवलं गेलं.

या सगळ्या वर्षांत वाद एकाच गोष्टीवर चालला, की कोणाचा शिक्का चालेल. अर्जासोबत परीक्षकांचे शेरे जोडा, अशी साधी अट घालायचं कोणाला सुचलं नाही. खोटं जर्नल शिक्का एका मिनिटात देतं. पण तीन पानांचे, निबंधातल्या तक्ता क्रमांक चारवर प्रश्न विचारणारे शेरे आणि त्याला लेखकाची उत्तरं एवढं सगळं खोटं रचायला मेहनत पडते. आणि कोणी वाचलंच तर पकडलं जायची भीतीही असते.

शेरे उघडे केले तर?

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. 'एम्बो जर्नल' २००९ पासून निबंधासोबत परीक्षणाची फाइल छापतं. जून २०२५ पासून 'नेचर'कडे येणारा कुठलाही नवा निबंध छापला गेला, की त्याचे शेरे आणि लेखकाची उत्तरं आपोआप प्रसिद्ध होतात. 'ई-लाइफ'नं २०२३ मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. परीक्षणाला घेतलेल्या निबंधावर तिथे पास-नापास असा निकालच नसतो. निबंध, शेरे आणि संपादकांचं मत, तिन्ही वाचकांसमोर ठेवले जातात. याची शिक्षाही त्यांना झाली. पास-नापास नसलेल्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर कसा द्यायचा, या वादात ई-लाइफचा तो आकडा गेला.

मशीन लर्निंगच्या 'आयसीएलआर' परिषदेचे शेरे 'ओपनरिव्ह्यू'वर सगळ्यांना वाचता येतात, नाकारलेल्या निबंधांचेही. 'वर्ड-टू-व्हेक' हा आजच्या भाषा-मॉडेलांच्या पूर्वजांपैकी एक. त्याचा निबंध २०१३ मध्ये याच परिषदेत मुख्य कार्यक्रमासाठी नाकारला गेला होता. हे माहीत असणं परीक्षकांना खिजवण्यासाठी नको. जाणकार माणसं नव्या गोष्टीकडे पाहताना कुठे अडखळतात, ते पाहण्यासाठी हवं.

आणखी एक ताजं उदाहरण. २०२४ मध्ये काही संशोधकांनी मशीन लर्निंगच्या परिषदांमधल्या शेऱ्यांचा मजकूर तपासला आणि अंदाज बांधला, की त्यातला साडेसहा ते सतरा टक्के मजकूर चॅटजीपीटीसारख्या साधनांनी बराचसा लिहिलेला किंवा बदललेला असावा. जुलै २०२५ मध्ये 'निक्केई'नं दाखवलं, की आर्काइव्हवरच्या १७ निबंधांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत यंत्रासाठी सूचना दडवल्या होत्या: फक्त चांगलंच लिही. लेखक यंत्राला फूस लावतोय, परीक्षक यंत्राकडून लिहून घेतोय आणि खाली शिक्का मात्र दोन माणसांच्या विद्वत्तेचा. ज्या परिषदांचे शेरे उघडे होते, तिथे हे निदान मोजता तरी आलं. बंद कपाटांत काय चाललंय ते कसं मोजणार?

यावर एक आक्षेप खरा आहे. नवखा संशोधक त्याच्या क्षेत्रातल्या बड्या माणसाच्या निबंधावर उघडपणे टीका कशी करेल? उद्या त्याच माणसाकडून शिफारसपत्र हवं असेल. आपल्याकडे तर गाइडच्या मित्राच्या निबंधात चूक काढायची हिंमत भल्याभल्यांना होत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: शेरा उघडा करणं आणि नाव उघडं करणं. एल्सव्हिअरच्या पाच जर्नलांनी काही वर्षं शेरे छापून पाहिले. त्यानं परीक्षक मिळणं लक्षणीय कमी झालं नाही, असं २०१९ च्या विश्लेषणात दिसलं. स्वतःचं नाव द्यायला मात्र जेमतेम ८.१ टक्के लोक तयार झाले. त्यांची भीती रास्त आहे, नाव झाकलेलं राहू दे. शेऱ्याला स्वतःचं वजन असेल तर तो निनावीही बोलतो. रॉबर्टसनची दहा पानं निनावीच होती.

दुसरा आक्षेप असा, की सामान्य वाचकाला शेरे वाचून काय कळणार? सगळं कळणार नाहीच. पण 'यातला मूळ डेटा आम्हाला पाहायला मिळाला नाही' हे वाक्य कळायला एमडी व्हावं लागत नाही. लॅन्सेटच्या त्या निबंधासोबत परीक्षकांच्या नुसत्या शंका जरी छापल्या असत्या, तरी त्या तेरा दिवसांत पत्रकारांना, डॉक्टरांना आणि सरकारांना कुठे बोट ठेवायचं ते कळलं असतं. आणि परीक्षकांनी एकही शंका घेतली नसती, तर तेही दिसलं असतं.

तोवर आपल्या हातात एक छोटी गोष्ट आहे. कोणी 'पीअर-रिव्ह्यूड आहे' म्हणून तोंड बंद करू पाहिलं, तर निबंधाचं पान उघडायचं आणि खाली परीक्षणाची फाइल आहे का ते बघायचं. असेल तर दहा मिनिटं काढून वाचायची. दोन शहाणी माणसं एकमेकांशी कागदावर भांडताना वाचणं हे नुसता निष्कर्ष वाचण्यापेक्षा जास्त मजेचं असतं. नसेल, तर त्या निबंधावर आपण ठेवतोय तो विश्वास कोणाच्या तरी शब्दावर आहे, हे लक्षात ठेवायचं. आणि तो शब्द कोणाचा, हे आपल्याला सांगितलेलं नाही.